करकंबच्या चार बाटल्या

काशम्मानं आयुष्यात एकच हट्ट केला होता, गणितात बी.एस्सी. व्हायचा, आणि तो भवानी पेठेतल्या सगळ्या नातेवाइकांना पुरून उरला होता. १९७४ साली ती सात रस्त्याजवळच्या एका सरकारी ऑफिसात गणन सहायक होती, तीही तात्पुरती. दर महिन्याला एकेका महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, पाण्याचा ताळेबंद मांडायचा, हे तिचं काम. पाऊस किती पडला, ऊन आणि पिकं मिळून त्यातला किती उडवतील, आणि जमिनीत ओल किती उरेल. ऐकायला सोपं, पण हातानं फिरवायच्या गणकयंत्रावर पन्नास मंडळं मांडताना खांदा निखळायची वेळ येई.

त्या ऑक्टोबरात या आकड्यांना भलतंच वजन आलं होतं. जिथं पन्नास मिलिमीटरच्या वर ओल उरेल, तिथंच ज्वारीचं सरकारी बियाणं जाणार होतं. बाकीच्यांनी हात चोळत बसायचं. तक्ता शुक्रवारी पाच वाजता पुण्याला रवाना व्हायचा होता.

गुरुवारी संध्याकाळी शेवटची नजर टाकताना काशम्माच्या मनात पाल चुकचुकली. करकंबला सप्टेंबरात फक्त एकसष्ट मिलिमीटर पाऊस? उडणारं पाणी एकशे बत्तीस. म्हणजे ओल शून्य, बियाणं नाही. पण शेजारच्या दोन्ही मंडळांत तर पावसानं झोडपून काढलं होतं. तिनं करकंबचं मूळ कार्ड काढलं. कोरड्या दिवसांपुढं निरीक्षकानं चक्क शून्य लिहिलं होतं. चार तारखांपुढं मात्र आडवी रेघ होती. रेघ म्हणजे पाऊस नाही, असं ऑफिसात सगळेच धरत, आणि तिनंही डोळे झाकून तिथं शून्यं टाकली होती. कार्डामागं बारीक अक्षरात मजकूर होता, 'मापाची काच फुटली. नवी धाडावी.' कार्डाला मागची बाजू असते, हे त्या ऑफिसात कुणाच्या गावीही नव्हतं.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. अख्ख्या मंडळाची पेरणी तिच्या चार शून्यांखाली गाडली जाणार होती. विरुपाक्ष साहेब केव्हाच घरी गेले होते. शुक्रवारी पहिल्या एस.टी.नं ती करकंबला निघाली, पिशवीत पाऊस मोजायची नवी काच घेऊन.

तिथला पावसाचा निरीक्षक म्हणजे ग्रामपंचायतीचा शिपाई महिपती.

"काका, त्या चार दिवसांचा पाऊस अंदाजे तरी किती असेल?" तिनं विचारलं.

"अंदाज कशाला, बाईसाहेब? पाऊस हाय की हितं."

त्यानं तिला आतल्या कोनाड्यापाशी नेलं. तिथं सरबताच्या चार बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. बुचांवर मेणबत्तीचं मेण, आणि प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी.

"मोजल्याबिगर पानी सांडायचं न्हाय, असं शिकवलं हाय आमाला," महिपती म्हणाला. "काच न्हाय तर मोजू कशानं? म्हनून ठिवलं."

काशम्माला हसावं की रडावं कळेना. मग मात्र लाज वाटली, आणि चांगलीच वाटली. तिनं नवी काच त्याच्या हातात ठेवली. पाणी तिथंच मोजता आलं असतं, पण विरुपाक्ष साहेबांचा स्वतःच्या घड्याळावरही विश्वास नव्हता. तिनं निघताना आपल्या फिरकीच्या तांब्यात पंचायतीच्या विहिरीचं पाणी भरून घेतलं आणि चारही बाटल्या मांडीवर घेऊन परतीच्या गाडीत बसली.

"सरबत हाय व्हय?" शेजारच्या म्हातारीनं विचारलं.

"नाही आजी, पाऊस आहे."

म्हातारी जरा सरकून बसली.

साडेतीनला साहेबांच्या टेबलावर ऑफिसातली काच ठेवून तिनं एकेक बाटली मोजली. चौतीस. एकोणतीस. छत्तीस. एकतीस.

"पण हे पावसाचंच कशावरून?" विरुपाक्ष साहेब म्हणाले. "विहिरीचं भरून ठेवलं असेल."

काशम्मा याचीच वाट बघत होती. तिनं ऑफिसच्या शिपायाकडून साबणाची वडी मागवली. आधी तांब्यातल्या विहिरीच्या पाण्यात हात चोळले. पाणी असं जड, की फेस धरेना. मग काचेतलं पाणी घेतलं. मनगटापर्यंत फेस आला. साहेबांनी स्वतः बाही सारून दोन्ही पाणी चोळून बघितलं आणि रुमालाला हात पुसले.

"एकूण एकशे एक्याण्णव," ती म्हणाली. "उडणारं वजा जाता ओल एकोणसाठ."

"ठीक आहे. करकंबला बियाणं मिळेल. दुरुस्तीचं कारण लिहा, निरीक्षकाची चूक."

काशम्मानं पेन उचललं आणि कारणाच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काशम्माबाई, तुम्हाला कायम करण्याचा कागद पुढच्या महिन्यात माझ्यापुढंच यायचाय."

"माहीत आहे, साहेब. पण महिपतीकाकांनी रेघ काढली होती. शून्य मी लिहिलं."

साहेबांनी तक्ता पुढं ओढला आणि खाली सही केली. पाचला दहा कमी असताना तक्ता पाकिटात गेला. काशम्मानं पुढच्या मंडळाचं कार्ड ओढलं आणि आधी उलटून पाहिलं.