लाल गाडीची सावली

पंचफुलाबाई आज नालीत पडता पडता वाचल्या, आणि फाटकातून आत आल्या त्या पेटलेल्याच. गुडघा बदलून महिनाही झाला नव्हता. लेकानं, साहिलनं, खास आईसाठी सात सीटांची व्हॅन घेतली होती. सरकतं दार, बुटकी पायरी, आत गारेगार एसी. पण ती उभी कुठं? रस्त्यावर! बेसा वस्तीतल्या त्या घराच्या पोर्चमध्ये जागा एकाच गाडीची, आणि ती नवऱ्याच्या, मधुकररावांच्या, जुन्या, बिनछताच्या लाल गाडीनं बळकावलेली. मग वॉकर घेऊन भर मे महिन्यात नालीवरची डगमगती फरशी बाईंनीच ओलांडायची. वा रे संसार!

मधुकरराव पोर्चच्या बाजूला गारव्यासाठी बांधलेल्या वाळ्याच्या ताटीवर पाइपानं पाणी मारत होते. बायकोच्या खिडकीला ताटी नाही बरं का. गाडीला होती.

"पडली नाही ना वं?" त्यांनी वळूनही न पाहता विचारलं.

"ही गाडी काढा बाहेर. व्हॅन आत येईल."

"पागल झाली का? लोकं थांबून फोटो काढतेत हिचा. त्या डब्याले कोण पाहते?"

"त्या डब्यात मले बसता येते! तुमच्या या गाडीत लग्नाच्या दिवशी कळमन्यापासून सक्करदऱ्यापर्यंत उघड्या डोक्यानं ऊन खाल्लं मी. उंबऱ्यातच चक्कर येऊन पडली, तं लोकं म्हणे नवरी लाजली."

"अवं, पण उन्हात रंग उडते तिचा!"

झालं! बाईंचं टाळकंच सटकलं.

"अन् माझा नाही उडाला? कधी पाहिलं का? साहिल, लाव गा धक्का!"

व्हॅन लावून मागून आलेला साहिल बापाच्या तोंडाकडे पाहत राहिला. बाईंनी वॉकर सोडला आणि दोन्ही हात गाडीच्या लाल बॉनेटवर रोवले. पोरगा घाबरून धावला, हँडब्रेक सोडला. मधुकरराव ओरडत राहिले अन् गाडी मागे सरकत सरकत फाटकाबाहेर उन्हात जाऊन उभी राहिली.

"व्हॅन आणू आत?" साहिलनं विचारलं.

"थांब. आधी खुर्ची टाक."

ताटीमागच्या ओल्या गारव्यात बाई टेकल्या, पाय लांब केला. मधुकररावांच्या पाइपाचं पाणी त्यांच्याच पायावर वाहत होतं, नजर बाहेर गाडीवर.

"तिकडं काय पाहून राहिले?" बाई म्हणाल्या. "ताटी सुकून राहिली. मारा पाणी."