नील बेटावरचा पाऊस

"आपण सुट्टीवर आलो का ओव्हरटाइमला?" आईनं विचारलं.

बाबा स्टुलावर चढून गेस्ट हाऊसच्या खिडकीची कडी बसवत होते. बाहेर वाऱ्यानं नारळ पार वाकले होते. मालक गौतमदा स्टूल धरून उभा होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "अंकल, रहने दीजिए ना. आप मेहमान हैं."

"बस, हो गया भैया. जरा पेचकस देना."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या मुलाला, आल्हादला, वरण-भात भरवत होते. तो तेव्हा दीड वर्षाचा होता.

बाबा जबलपूरच्या फॅक्टरीत मेंटेनन्सचे फिटर. मशीन बंद पडलं की रविवारीही बोलावणं यायचं, आणि नाही आलं तर बाबा अस्वस्थ व्हायचे. सरकारी खर्चानं प्रवासाची सवलत, आमच्या घरातली 'एलटीसी', आयुष्यभर नागपूरच्या लग्नांत आणि बारशांत संपली. अंदमान दर वेळी पुढे ढकललं गेलं. कधी माझी बारावी, कधी आत्याचं लग्न, मग लॉकडाऊन. सप्टेंबरअखेर ते रिटायर होणार होते, म्हणून भर ऑगस्टमध्ये निघालो. समुद्राला कुणी विचारलंच नाही.

"विमानाचं आम्हाला काय समजते," म्हणत दोघांनी मलाही सोबत घेतलं. तिकिटं काढताना मी आईला विचारलं होतं, "तुला काय काय बघायचं आहे?"

"मले काही नाही बघायचं. यांनी एक दिवस माझ्याजवळ बसावं, बस. हातात काही न घेता."

अंदमानातल्या नील बेटावर उतरलो आणि त्याच संध्याकाळी वादळ आलं. बोटी बंद. काचेच्या तळाच्या नावेतून प्रवाळ दाखवतात, तीही किनाऱ्यावर उलटी टाकलेली. निळं म्हणून ऐकलेलं पाणी राखेच्या रंगाचं झालं होतं. मी हिरमुसले. आई मात्र खुशीत होती. तिनं व्हरांड्यात दोन खुर्च्या समुद्राकडे तोंड करून मांडल्या, घरून आणलेला चिवडा वाटीत काढला आणि एकीवर बसली. दुसरीवर शेवटी आल्हादचे कपडे वाळत पडले.

बाबा जेट्टीवर जाऊन यायचे. भिजून यायचे आणि सांगायचे, "बंद."

"मग बसा ना."

"हाव, बसतो. त्या नळाचं वायसर तेवढं पाहून घेतो."

दुसऱ्या दिवशी लाइट गेली आणि जनरेटर चालू होईना. बाबांचा चेहरा उजळला, खोटं कशाला बोलू. "पाचच मिनिटं, विनता," आईला म्हणाले आणि मागच्या शेडमध्ये गेले.

आईनं चिवड्याच्या वाटीवर झाकण ठेवलं, छत्री घेतली आणि समुद्राकडे चालू लागली. आल्हाद कडेवर होता, मला मागे जाता येईना.

बऱ्याच वेळानं बाबा आले. कोपरापर्यंत हात काळे.

"आई कुठे?"

"समुद्रावर."

"अशा हवेत? काहून जाऊ दिलं तू?"

"मी कोण जाऊ देणारी? तुम्ही तर जनरेटरमध्ये होता."

बाबा हात न धुताच निघाले.

व्हरांड्यातून दोघं दिसत होते. आई एका पडलेल्या खोडावर बसली होती, छत्री उलटून बाजूला पडलेली. बाबा मागे उभे राहून तिला उठायला सांगत असावेत. तिनं शेजारची जागा थोपटली. ते बसले. लगेच वाकून छत्री उचलली आणि तिच्या काड्या सरळ करू लागले. आईनं ती हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या पलीकडे ठेवली.

मग ते नुसते बसले.

पाऊस वाढला. आल्हाद माझ्या खांद्यावर झोपला. गौतमदा म्हणाला, "दीदी, चाय ठंडी हो रही है." मी म्हटलं, होऊ दे. वाऱ्यात त्यांचा शब्द ऐकू येत नव्हता, पण बाबा बोलत होते. हातवारे करत, थांबत, पुन्हा सुरू करत. घरात "मीठ दे" नि "फॅक्टरीचा भोंगा झाला का" याच्या पलीकडे फारसं न बोलणारा माणूस. आई तोंडावर पदर धरून हसत होती. एकदा तिनं त्याच पदरानं त्यांचे काळे हात पुसले.

परत आले तेव्हा दोघं काकडत होते.

"काय बोलत होता एवढं?" मी विचारलं.

"काही नाही गं, इकडचं तिकडचं," बाबा म्हणाले आणि जनरेटरकडे न पाहता खोलीत गेले.

"प्रवाळ राहिलं आई, बघायचं," मी म्हटलं.

"राहू दे. मस्त झाली सुट्टी."

दोन दिवसांनी पहिली बोट सुटली, तिनं आम्ही परतलो. बाबा रिटायर झाले. हार, शाल, मिठाई, सगळं रीतसर. निवृत्तीनंतरचा दुसरा हिवाळा मात्र त्यांना लाभला नाही.

आई आता जबलपुरातच, गढ्याला, आमच्याकडे असते. परवा जवळच्या शहपुऱ्याचा मटार आला. ती परात घेऊन जमिनीवर बसली होती, शेजारी आल्हाद. मला राहवलं नाही.

"आई, त्या दिवशी बाबा काय सांगत होते गं?"

"कोणत्या दिवशी?" तिला ठाऊक होतं.

"नीलला. पावसात."

ती खाली पाहून हसली. नव्या नवरीसारखी लाजली. "तुले काहून सांगू? माझ्याशी बोलून राहिले होते ते."

 आल्हाद परातीतून मूठ-मूठ दाणे उचलून खात होता. तिचं लक्ष नव्हतं. अर्धी उकललेली शेंग तशीच बोटांत धरून ती बसून होती.