हात नसलेल्या देवीचा कौल

“ह्यो बी आपल्यासारखाच. गाव सुटलं आन् हितं येऊन पडला,” दगडी नंदीच्या पाठीवरून हात फिरवत सरूबाई म्हणाली.

“हात लावू नगं. वरडतील,” तिचा नवरा भिमाजी म्हणाला.

दिल्लीच्या म्युझियममध्ये ही त्यांची तिसरी खेप. लेक हर्षाली इस्पितळात होती. तिच्या हृदयाची झडप खराब, म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन इकडे धाडलेलं. मंचरच्या बाजारातले व्यापारी धरमचंदशेठ यांनी ओळखीच्या धर्मशाळेत खोली मिळवून दिली. पण लेकीला भेटायची वेळ संध्याकाळी पाचची, आणि खोलीत बसलं की सरूबाई रडायची. म्हणून भिमाजी तिला रोज कुठंतरी न्यायचा. दीड महिन्यात लाल किल्ला झाला, कुतुबमिनार झाला. “एवढं उंच बांधलं आन् वर कुणालाच सोडत न्हाईत, मंग बांधलं कशापायी?” असं तिनं तिथल्या पहारेकऱ्याला अस्सल मराठीत विचारलंही होतं. हौसेनं दिल्ली बघणारे वेगळे. हे दोघं दिवस ढकलत होते.

आज सकाळी मात्र सरूबाई कपडे धूत असताना भिमाजी एकटाच इस्पितळात जाऊन आला होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनात पोरगी वाचेल किंवा जाईल, निम्मं निम्मं धरा. उद्याची एक जागा रिकामी झालीय. आत्ता सही नाही केलीत तर चार महिने नंबर नाही. आणि चार महिने ती काढेल असं वाटत नाही. भिमाजीनं सही केली. मंचरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या तोलण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. त्यानं सांगितलेलं वजन कुणी पुन्हा तोलून बघत नसे. पण सही केली हे बायकोला कसं सांगावं, ते त्याला काही केल्या सुचेना.

पुढच्या दालनात काळ्या दगडाची एक देवी उभी होती. दोन्ही हात कोपरापासून तुटलेले. सरूबाई थबकली.

“आवं, हिला कौल लावू.”

“अगं, खंडित हाय ती. हात कुठं हायेत तिला?”

“हात न्हाईत म्हून आईपण जातं व्हय? आपली देवी ऱ्हायली तिकडं लांब. इचारल्याबिगर मी पोरीच्या छातीला सुरी लावू देणार न्हाई.”

कौलाशिवाय भिमाजीनंही कधी बैल घेतला नव्हता, की विहीर खणली नव्हती. तिनं पदरातलं झेंडूचं फूल काढलं, दोन पाकळ्या बाटलीतल्या पाण्यात भिजवल्या आणि देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

“तुमी बघा. माझ्याच्यानं न्हाई बघवायचं,” म्हणत तिनं डोळे गच्च मिटून हात जोडले.

भिमाजी बघत राहिला. दोन्ही पाकळ्या घट्ट होत्या. मग डावी जराशी सरकली, थांबली, आणि खाली पडली.

“ए! ये क्या लगाया?” पहारेकरी धावत आला. उजवी पाकळी त्यानं रुमालानं पुसून काढली. “मंदिर है क्या ये? चलो, बाहर निकलो!”

सरूबाईनं डोळे उघडले. पहारेकऱ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

“कंची पडली वं?”

तिला सगळं सांगून टाकावं, असं भिमाजीला फार वाटलं. सहीचं आणि डाव्या पाकळीचंही. एकट्यानं हे पेलायचं त्याला भय वाटत होतं.

“उजवी,” तो म्हणाला.

तिनं तिथंच जमिनीला डोकं टेकलं. पहारेकरी ओरडत होता तरी सावकाश उठली आणि हसली.

“मंग आता कशाची वाट बघताय? आज गेलो की सही करून टाका.”

बाहेर पायरीवर बसून तिनं फडकं सोडलं. चपातीचा मोठा तुकडा मोडून आधी त्याच्या हातावर ठेवला, मग स्वतः भराभरा खाऊ लागली.

“खावा की. देवीनं सांगितलंय न्हवं?”

भिमाजीनं तुकडा तोंडात घातला. बराच वेळ तो नुसता चावत राहिला.