ताईंची गुरुवारची बैठक

गजानन महाराज गीतांजलीताईंच्या स्वप्नात आले आणि म्हणाले, "लोकांचं दुःख हलकं कर." स्टील प्लांटमध्ये अधिकारी असलेले त्यांचे यजमान शामसुंदरराव म्हणाले, "रात्रीची वांग्याची भाजी जड झाली असन." पण ताई कुठल्या ऐकायला! त्यांनी समुपदेशनाचा ऑनलाइन कोर्स केला, प्रमाणपत्राला फ्रेम घातली आणि रुआबांधा वस्तीतल्या मंदिरामागच्या खोलीत दर गुरुवारी बसू लागल्या. प्रत्यक्ष महाराजांनी नेमणूक केल्यावर पात्रता कोण विचारतो?

खोली भरू लागली. एखादी बाई सतरंजीवर टेकून तोंड उघडायची, "ताई, माया नवरा..." की ताई म्हणायच्या, "नवऱ्याचं तर मला विचारा!" मग शामसुंदररावांचा हेकटपणा, फोन न उचलणारी पुण्याची सून, रिटायरमेंटनंतर क्वार्टर सुटलं की कुठं जायचं, असं सगळं प्रसादाची वेळ होईपर्यंत चालायचं. ताई डोळे पुसायच्या, बायका "होईल सारं बरोबर" म्हणायच्या. घरी गेल्यावर ताई नवऱ्याला सांगायच्या, "अहो, आज किती हलकं वाटून राहिलं!" त्यात खोटं काहीच नव्हतं.

लौकिक दुर्ग शहरापर्यंत पोचला. तिथल्या एका महिला समितीला सल्लागार हवी होती. पोलीस ठाण्यात, कोर्टात बायकांच्या बाजूनं उभं राहायचं काम. ताईंना ती जागा इतकी हवी होती की महाराजांना अभिषेकही बोलून झाला. एका गुरुवारी समितीच्या सुनिता मॅडम चौकशीला आल्या आणि त्यांनी बायकांनाच विचारलं, "यहाँ आकर आप लोगों को क्या फायदा हुआ?"

ताई पदर सावरून बसल्या.

"आमाले?" पहिल्या दिवसापासून येणाऱ्या बेबीताई गोंधळल्या. "आमाले कायचा फायदा जी? ताई एकट्या पडल्या न. घरी कोनी बोलाले नाही. म्हनून येतो आमी. आता पहा, किती सुदरल्या!"

"पहले बहुत रोती थीं," दुसरीनं दुजोरा दिला.

सुनिता मॅडमनी हसू दाबलं. जागा हातची जाते म्हटल्यावर ताई घाईनं पुढं सरकल्या.

"बेबीताई, तुमच्या नवऱ्याच्या, रामाजींच्या दारूचं काय झालं? सांगा मॅडमना. आज मी मध्ये बोलत नाही."

"रामाजीचं? अवो, त्याले तं मी होळीलेच सोडलं. पोरीले घेऊन कोहक्याले खोली केली. ठान्यात मीच गेली."

ताईंना खरोखर लाज वाटली. "मग मला कावून नाही सांगितलं?"

बेबीताईंच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. उलट ताईंना वाईट वाटू नये म्हणून त्या समजावणीच्या सुरात बोलल्या.

"सांगालेच आली होती न. हाताले प्लास्टर होतं माया. तुमी म्हनलं, बेबीताई, तेवढा पंखा लावा."