बोटीचा वाजवी भाव

“अहो, नवी कोरी आहे ती. इतकं काय चाचपताय?” शोरूमचा टायवाला विक्रेता म्हणाला.

बोटीच्या मागच्या भागात एक भक्कम कमान होती आणि कमानीच्या माथ्यावर दोरी बांधायची खुंटी. कप्तान टाचा उंचावून त्या खुंटीवरून अंगठा फिरवत होता. शोरूममध्ये आलेलं गिऱ्हाईक आधी गाद्या दाबून बघतं, मग सुकाणूच्या चाकाशी बसून फोटो काढून घेतं. हा माणूस मात्र दहा मिनिटं खुंटीला चिकटला होता, आणि टायवाल्याला ते मुळीच आवडलेलं दिसत नव्हतं.

कप्तान हे काही त्याचं नाव नव्हतं. तलावावरच्या क्लबात एकवीस वर्षं एकच बोट चालवली म्हणून थट्टेत पडलेलं आणि पुढे चिकटून बसलेलं ते संबोधन. पायांना फळी बांधायची, हातात दोरी धरायची आणि बोटीमागे उठणाऱ्या लाटेवर उड्या मारायच्या, याला वेकबोर्डिंग म्हणतात. लोक पडतात, नाकातोंडात पाणी जातं, आणि वर पैसे मोजून पुन्हा रांगेत उभे राहतात. त्या लोकांना ओढणं हा कप्तानाचा धंदा. कोण घाबरलंय, कोण नुसताच शायनिंग मारतोय, हे दोरीला बसणाऱ्या पहिल्या झटक्यावरून त्याला कळायचं आणि तेवढाच वेग तो द्यायचा. त्याच्या दोरीला लटकून कुणाचा हात मोडला नाही, याचा त्याला अभिमान होता. तो बोलून दाखवायचा नाही, पण होता.

गेल्या हंगामाच्या शेवटी जुन्या बोटीच्या बुडाला उभी भेग पडली आणि ती भंगारात गेली. तेव्हापासून आठ महिने कप्तान शेडमध्ये बसून वल्ह्याच्या होड्यांतल्या गिऱ्हाइकांची जॅकेटं धूत होता. पगार निम्मा. मालकाने सरळच सांगितलं होतं, “नवी घेऊ. पण अठ्ठावन्न लाखांच्या वर एक पैसा नाही. जमलं तर बघ, नाहीतर मी पायडलच्या बोटी आणतो. त्यांना चालक लागत नाही, गिऱ्हाईकच पाय मारतं.” आणि बोटीतलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून भाव ठरवायला त्याने कप्तानालाच पाठवलं होतं.

शोरूमचा भाव सदुसष्ट लाख होता. म्हणजे कप्तान आणि चाक यांच्यामध्ये आता नऊ लाखांचं अंतर होतं.

निघताना बायकोने इस्त्रीचा शर्ट हातात देत बजावलं होतं, “जास्त बोलू नका. तुम्ही बोलायला लागलात की समोरच्याला कळतं, तुम्हाला किती हवंय ते.”

म्हणून तो बोलत नव्हता. त्याने टायवाल्याचा हात धरून त्याचं बोट खुंटीवर टेकवलं.

“लागतंय काही?”

“काय?”

“चर आहे. दोरीचा. न वापरलेल्या खुंटीला दोरीचा चर कसा पडला?”

टायवाला हसला. “चाचणी घेतो ना आम्ही, काका. कंपनीचा नियमच आहे.”

“चाचणीत एवढा चर पडत नाही. निदान शंभर तास माणसं ओढली आहेत हिने. मीटर दाखवा.”

मीटर दाखवायचं म्हणजे समोरच्या स्क्रीनवर कुठंकुठं टिचक्या मारायच्या होत्या. या बोटीत काटे नव्हतेच. जुन्या बोटीत पाच काटे होते, त्यांतले तीन बंद, आणि उरलेल्या दोघांवर कप्तानाचा संसार चालला होता. हा स्क्रीन त्याने आत शिरताच पाहिला होता आणि शिकू, त्यात काय, असं मनाला समजावलं होतं. टायवाल्याने नाइलाजाने दोन-तीन पानं उलटली. आकडा आला. एकशे बारा तास.

“म्हणजे लोकांना फिरवून दाखवायची बोट आहे ही,” कप्तान म्हणाला. “आणि भाव नव्याचा लावलाय.”

टायवाल्याने गळ्याची गाठ सैल केली. तसा तो वाईट माणूस नव्हता. दिवसभर खोटं बोलायचा पगार घेत होता, आणि पकडला गेल्यावर कान लाल होण्याइतकी लाज त्याच्यात शिल्लक होती. “बसा,” तो म्हणाला. “कॉफी घेणार?”

मग घासाघीस सुरू झाली. ती कप्तानाने अशी केली की बघणाऱ्याने बघत राहावं. त्याने आवाज चढवला नाही, की उठून जायचं नाटक केलं नाही. गाद्यांची शिवण उसवायला आली होती, ती दाखवली. लाट मोठी व्हावी म्हणून बोटीच्या पोटात पाण्याच्या टाक्या असतात, त्यांतल्या डावीकडच्या टाकीचा पंप चालू करायला लावला, डावा कान टेकवून ऐकला, आणि “याच्या बेअरिंगचा छर्रा गेलाय, महिनाभरात बोंबलेल” म्हणाला. टायवाला प्रत्येक वेळी उठून काचेच्या केबिनमध्ये साहेबाकडे जायचा. काचेतून साहेबाची मान नाही म्हणून हलताना दिसायची. पासष्ट झाले. मग त्रेसष्ट. मग साठ, आणि तिथं घोडं अडलं.

“काका, तुमचं आपण वेगळं बघू,” टायवाला खालच्या आवाजात म्हणाला. “मालकांना साठ सांगा.”

“माझं वेगळं काही नाही. जे आहे ते हेच.”

“म्हणजे?”

“म्हणजे साठ सांगितले तर बोट येत नाही. बोट आली नाही तर मी पुन्हा शेडमध्ये.” बायकोने बजावलेलं सगळं तो विसरला होता. “हे बघा, मी फुकट मागत नाही. हिच्या अंगावर जेवढं वापरणं पडलंय, तेवढंच कमी करा. अठ्ठावन्न हा वाजवी भाव आहे. तुम्हालाही माहिताय आणि आत बसलेत त्यांनाही माहिताय.”

टायवाला चौथ्यांदा केबिनमध्ये गेला. या खेपेला तो बराच वेळ आलाच नाही. कागदी पेल्यातली कॉफी गार झाली. काचेमागे साहेबाने एकदा बोटीकडे पाहिलं, एकदा कप्तानाकडे पाहिलं, आणि हात झटकले.

“अठ्ठावन्न,” टायवाला परत येऊन म्हणाला. “पण सही आजच्या आज.”

कप्तानाच्या जिवात जीव आला. त्याने मान डोलावली. मग टायवाला कागद आणायला गेला तसा तो उठला, बोटीवर चढला आणि पहिल्यांदाच चाकाशी बसला. खुर्ची जरा लांब होती. गुडघा धरतो म्हणून त्याला जवळ बसावं लागे. त्याने खालची दांडी चाचपून खुर्ची दोन खाचा पुढे घेतली. चाकावर हात ठेवला. समोर शोरूमची भिंत होती, भिंतीवर आग विझवायची लाल नळकांडी टांगलेली होती, आणि तेवढ्यावरही तो माणूस इतका सुखावला की त्याचे डोळे भरून आले.

त्याने तिथूनच मालकाला फोन लावला.

“अठ्ठावन्नला दिली, साहेब.”

“काय सांगतोस!” मालक ओरडलाच. “शाबास रे कप्तान! बरं, सोबत काय काय देतायत? वाच बघू.”

तोवर परत आलेल्या टायवाल्याने कागद पुढे केला. कप्तानाने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. झाकायची ताडपत्री. बोट वाहून न्यायचा गाडा. दोरखंड दोन. जॅकेटं सहा. पहिल्या दोन सर्व्हिसिंग मोफत. वाचताना डोळे जिभेच्या पुढे धावतात, तसे ते शेवटच्या ओळीवर आधी पोचले. दोन हंगामांसाठी प्रशिक्षित चालक, कंपनीच्या पगारावर.

तो थांबला.

“हॅलो? झालं?” मालकाने विचारलं.

झालं, एवढंच म्हणायचं होतं. टायवाला मान खाली घालून पेनाशी चाळा करत होता. त्याने ती ओळ खोडायला ना म्हटलं नसतं. मालकाला कधी कळलंही नसतं. पण एकवीस वर्षांत कप्तानाने मालकाला पेट्रोलचा एक लिटरसुद्धा खोटा सांगितला नव्हता. वाच म्हटलं की तो सगळं वाचायचा. याला चूक म्हणायचं तर खुशाल म्हणावं.

“अजून एक आहे,” तो म्हणाला, आणि वाचलं.

“म्हणजे पगार त्यांचा?” मालकाने हळूच विचारलं.

“हो. पण ती ओळ मी काढायला सांगतो, साहेब. चालक आहे ना आपल्याकडे.”

“काढली तर किती कमी करतात?”

कप्तानाने टायवाल्याकडे पाहिलं. फोनमधला आवाज त्यालाही ऐकू येत होता. “भाव तोच राहतो, काका,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

“काही कमी करत नाहीत, साहेब.”

“मग काढायची कशाला?” मालक म्हणाला. त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, आणि तेच फार वाईट होतं. “हे बघ कप्तान, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. जॅकेटांना माणूस लागतोच, तू आहेसच. आणि ते आता सगळं स्क्रीनवर असतं म्हणे. तुलाही उगाच ताप.”

“हो, साहेब.”

“पण मानलं हां तुला. नऊ लाख! माझ्या बापाला जमलं नसतं.”

दोन वर्षांचाच प्रश्न होता. दोन वर्षांनी चालकाचा परवाना नव्याने काढायचा होता, त्यासाठी डॉक्टरांची तपासणी होती, आणि कप्तानाच्या उजव्या कानाने इंजिनाशेजारी बसून बसून कधीच राजीनामा दिला होता. हे त्याला ठाऊक होतं. मालकाला ठाऊक नव्हतं. सांगून तरी काय उपयोग होता?

“वाचायला कशाला हवं होतं, काका?” टायवाला म्हणाला. या खेपेला त्याच्या आवाजात धंदा नव्हता.

“त्यांनी विचारलं ना.”

कप्तानाने मालकाच्या वतीने सही केली, पेनाला टोपण लावून ते परत दिलं आणि दोन बस बदलून घरी आला.

बायको दारातच उभी होती. “झाली?”

“झाली. अठ्ठावन्नला.”

“मी म्हणत नव्हते!” तिने टाळी वाजवली. “कधीपासून मग?”

“वीस तारखेला येतेय बोट,” तो म्हणाला, आणि हातपाय धुवायला मोरीत गेला. हे काही खोटं नव्हतं. बाहेर तिने बहिणीला फोन लावला. “अगं, यांची बोट आली गं! आता हे पुन्हा चालवणार. आठ महिने घरात नुसतं सुतक होतं...” तिचा आवाज इतका हलका त्याने कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. त्याने नळ सोडला आणि हात धुऊन झाले तरी बंद केला नाही.

तिला खरं सांगायला त्याला चार दिवस लागले. ऐकून ती रडली नाही, की तिने मालकाला शिव्याही दिल्या नाहीत. वीस तारखेसाठी दाराला टांगून ठेवलेला इस्त्रीचा शर्ट तिने काढला, घडी घातली आणि कपाटात सगळ्यांत खाली ठेवला.

बोट वीस तारखेला आली. बोटीबरोबर चालक आली. तिशीतली उंच बाई होती, कामात चोख वाटत होती. चाकाशी बसताच तिने आधी खुर्ची दोन खाचा मागे सरकवली. कप्तान शेडच्या दारात जॅकेटांचे पट्टे उलगडत उभा होता. त्याने ते पाहिलं.

काही करून तिचा राग यावा असं त्याला वाटत होतं, पण येत नव्हता. ती धक्क्यावरून चालत त्याच्याकडेच आली.

“काका, तुम्ही इथं खूप वर्षं चालवलीत म्हणे. पाण्याखाली कुठं काही आहे का?”

होतं. तलावातल्या मधल्या खांबाच्या उजवीकडे खडक होता. पाणी उतरलं की तो वीतभर खाली असायचा आणि वरून काही म्हणजे काही दिसायचं नाही. पंपघरासमोर बुडालेली जुनी भिंत होती. पलीकडच्या काठाशी झाडांचे बुंधे होते. हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. पहिल्या दोन वर्षांत बोटीचे तीन पंखे मोडून घेऊन कप्तान ते शिकला होता. आठ महिन्यांत सगळं गेलं, पण एवढं अजून त्याचं होतं. क्षणभर त्याला वाटलं, नाही म्हणावं. लागू दे खडक. मग मालक येईल पळत शेडकडे.

पण खडक लागतो तेव्हा दोरीच्या टोकाला कुणीतरी असतं.

“चला, दाखवतो,” तो म्हणाला.

तो बोटीत चढला आणि तिच्या बाजूला उभा राहिला. स्क्रीनवर तलावाचा नकाशा होता. त्याने बोट दाखवलं, तिने तिथं टिचकी मारली. लाल ठिपका उमटला. भिंत सांगितली, दुसरा ठिपका. बुंधे सांगितले, तिसरा.

“आता कुणीही चालवली तरी ही स्वतःच ओरडेल,” ती खुशीत म्हणाली. “अजून काही, काका?”

कप्तानाने तलावाकडे पाहिलं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सावकाश नजर फिरवली.

“नाही,” तो म्हणाला. “एवढंच होतं.”

बोट निघाली. धक्क्यावर उभं राहून त्याने तिचा आवाज ऐकला. डावीकडचा पंप घरघरत होता. मग तो शेडमध्ये गेला, कालची ओली जॅकेटं एकेक करून पिळली आणि दोरीवर टाकू लागला.