माठाशेजारचा तापमापक

३४

मित्रांनो, चौतीस. मला खरं तर एवढंच बोलता येतं. एक आकडा, की संपलं. मी भिंतीवर टांगायचा तापमापक आहे. वीतभर उंची, काचेच्या नळीत लाल रेघ, आणि आता वयानं बराच जुना. बाकीचं आज तुमच्यासाठी सांगतो.

माझी उमेदीची वर्षं निमगाव सावा इथं, गेणभाऊंच्या पोल्ट्रीत गेली. पिल्लं नवी असली की त्यांना ऊब लागते. मी तिसाच्या खाली उतरलो, की गेणभाऊ बल्ब वाढवत. उन्हाळ्यात मी अडतीस म्हटलं, की ते ताटावरून उठून पत्र्यावर पाण्याचा पाइप धरत. "थर्मामीटर बोलला म्हंजे बोलला," असं गड्यांना बजावत. इतका मान फार थोड्या वस्तूंना मिळतो.

मग डिजिटल मीटर आला. मी खिळ्यांच्या डब्यात गेलो. चार वर्षं.

०

डबा उघडला तो तेजस्विनीनं. ही गेणभाऊंची भाची, जुन्नरला कॉलेजात शिकते.

"मामा, हा चालतो का?"

"त्यालाच इचार."

तिनं मला बर्फाच्या पाण्यात उभं केलं. मी बरोब्बर शून्यावर येऊन थांबलो. "अजून खरं बोलतोय की!" ती म्हणाली. त्या दिवशी मी तिचा झालो.

जुन्नर शहरात नगरपालिकेची एक पाहणी चालली होती, आणि तेजस्विनी त्यात काम करत होती. ऊन वर्षागणिक वाढतंय, तर कोणत्या आळीला त्याचा सगळ्यात जास्त त्रास होईल, ते शोधायचं. दहा आळ्या, दहा घरं, दहा तापमापक. यादीत वरच्या आळ्यांच्या पत्र्यांना याच उन्हाळ्यात ऊन परतवणारा पांढरा थर मिळणार होता. खालच्यांना पुढं कधीतरी.

३५

मी नदीकडच्या आळीत द्रौपदामावशींच्या घरी गेलो. वर पत्रा. तेजस्विनीनं वही काढली.

"साठीच्या पुढचं कोण आहे घरात?"

"आमचे हे. अंगावरनं वारं गेलंय. आतल्या खोलीत पडून असत्यात."

"मग इथं ओट्यावर का नाही झोपवत?"

"लई सांगितलं. येणाऱ्या-जाणाऱ्यापुढं लोळत पडायचं का, म्हणत्यात."

तेजस्विनीला पुढची घरं गाठायची होती. "ऊन लागणार नाही अशा जागी लावा, अन् रोज दोन वाजता आकडा लिहा," म्हणून ती निघाली.

मावशींनी मला पदरानं पुसलं. घरभर नजर फिरवली. ओट्यावर, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला, माठाशेजारी खिळा ठोकला आणि तिथं मला टांगलं. त्या घरात त्याहून गार जागा नव्हती. आठ दिवस वहीत चौतीस-पस्तीस लिहिलं गेलं. एकदाही त्यांची वेळ चुकली नाही.

नवव्या दिवशी तेजस्विनीनं वही चाळली. "मावशी, तुमची आळी तर गार निघाली! यादीत खाली जाईल."

मावशींना ते कौतुकच वाटलं. त्या हसल्या. तेवढ्यात आतून मावशींच्या नवऱ्याचा, पोपटबाबांचा, आवाज आला.

"कोण रं ते गार म्हणतंय?"

"गप ऱ्हावा. पाहणीवाली पोरगी हाय."

"मग तिला आत आण. अन् त्या मीटरलाबी आण. आठ दिस माठाचं वारं खातोय लेकाचा!"

४३

पोपटबाबांच्या उशाशी मला टांगलं आणि माझी लाल रेघ चढू लागली. अडतीस. चाळीस. त्रेचाळीस. तिघंही माझ्याकडं बघत होती.

"सरकारी पावणं म्हणून चांगल्या जागी ठेवलं व्हतं गं," मावशी हळूच म्हणाल्या. "पावण्याला का असं उकाड्यात बसवायचं?"

मित्रांनो, मी आठ दिवस खोटं बोललो नव्हतो. पण मी फक्त माझ्या जागेपुरतंच खरं बोलतो, आणि माझी जागा मला निवडता येत नाही.

"चूक माझी आहे, मावशी. जागा मी सांगायला हवी होती." तेजस्विनीनं आठ दिवसांचे आकडे खोडले. आणखी आठ दिवस मागून घेतले. उरलेल्या नऊ घरांत धावली, तर माझे भाऊ कुठं कूलरसमोर, कुठं ओसरीवरच्या वाऱ्यात, सगळे पाहुण्यासारखे मजेत! तिनं एकेकाला उचललं आणि म्हाताऱ्यांच्या खाटेपाशी, तान्ह्यांच्या झोळीपाशी नेलं.

३८

आमची आळी यादीत दुसरी आली. मे महिन्यात पत्र्यावर पांढरा थर चढला. पाच अंश उतरले, फार नाही. पण पोपटबाबांचा दुपारी डोळा लागतो.

मी अजून त्यांच्या उशाशीच आहे. पाहणी संपल्यावर तेजस्विनी मला न्यायला आली, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. आमी दोघं बी हितंच टांगलेले."

गेणभाऊंनी मला मान दिला, तेजस्विनीनं काम दिलं, या माणसानं सोबत दिली. जुन्या काचेला आणखी काय हवं?

तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा असेल. त्याला शोभेला दिवाणखान्यात लावू नका. घरात ज्याला उठून सावलीला जाता येत नाही, त्याच्या जवळ लावा. आणि आकडा वाचून झाला की नुसतं "बाप रे" म्हणू नका. उठा.