सयाजीचे सोळा किलो

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, "वजन किती तुमचं?"

"असंल की नव्वद-पंच्याण्णव," सयाजी म्हणाला.

काट्यावर उभं केलं, तर एकशे सहा भरलं.

त्याच्या थोरल्या बहिणीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. घरीदारी सगळे तिला आक्काच म्हणायचे. वर्षभर तिचं डायलिसिस चालू होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती कागलहून कोल्हापूरला यायची, चार तास मशीनवर असायची, मग कसबा बावड्यात सयाजीच्या घरी जरा पडायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायची. तिच्या नवऱ्याला साखर होती. पोटच्या पोरीची किडनी घ्यायची नाही, हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. राहिला सयाजी. त्याचा रक्तगट जुळला, बाकीचंही बरंचसं जुळलं. अडलं ते वजनापाशी.

"नव्वदच्या खाली या," डॉक्टर म्हणाले. "या वजनावर ऑपरेशन करणं तुमच्याच जिवाला धोक्याचं. पण उपाशी राहून नको. पाच-सहा महिने घ्या आणि नीट उतरवा."

आता सयाजी होता आचारी. बावीस वर्षं लग्नाचा स्वयंपाक करत होता. हजार पानांचा मसालेभात अंदाजानं टाकायचा आणि त्यात एक शीत कच्चं राहायचं नाही. अशा माणसाला वजन उतरव म्हणायचं!

क्रांती, त्याची बायको, त्याच संध्याकाळी त्याला बावड्यातल्या एका जिममध्ये घेऊन गेली. तिथं रुचिता नावाची सत्तावीस वर्षांची मुलगी शिकवायला होती. हातकणंगल्याकडच्या जैन शेतकऱ्याची लेक. आहारशास्त्र शिकलेली, अंगानं काडी, पण शंभर किलोची सळई सहज उचलणारी. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि वही काढली.

"काका, दिवसभरात काय काय खाता?"

"मी जेवतच न्हाय म्हणा की. आचाऱ्याला भूक लागत न्हाय."

"मग एकशे सहा किलो कशानं झालं?"

"वासानं," सयाजी म्हणाला.

क्रांतीनं तोंडाला पदर लावला. रुचिता मात्र हसली नाही. तिनं त्याच्या फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं आणि सांगितलं, की तोंडात जाईल ते आधी काट्यावर जाईल. दिवसाला एकोणीसशे कॅलरी. भाकरी मोजायची, तेल चमच्यानं मोजायचं, अंडी खायची, डाळ-उसळ वाढवायची, आठवड्यातनं चार दिवस जिम आणि रोज आठ हजार पावलं.

"तुम्ही अंडी खाता का?" सयाजीनं विचारलं.

"नाही. पण एका अंड्यात काय असतं ते मला पाठ आहे."

पहिले दोन महिने झकास गेले. पहाटे सयाजी कारखान्याच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॅक्टरांना वाट देत चालायचा. चालताना हातात फोन, आणि भेटेल त्याला सांगायचा, "एका भाकरीत किती कॅलरी असत्यात, ठावं हाय का?" लोक त्याला बघून दुसऱ्या बाजूला जायला लागले. घरी तो शेंगदाणे मोजून खायचा. जिममध्ये रुचिता त्याला खुर्चीवर बसवायची आणि हात न टेकता उठायला लावायची. पहिल्या दिवशी आठ वेळा उठला आणि जिन्यावरनं उतरताना क्रांतीच्या खांद्यावर आला. महिन्याभरानं दोन्ही हातांत पाच-पाच किलोची वजनं घेऊन तेच करायला लागला. एकशे सहाचे सत्त्याण्णव झाले. आक्का त्याला बघून म्हणाली, "सया, गळा दिसाय लागला की तुझा! बारशानंतर आजच बघते बघ."

मग लग्नसराई सुरू झाली आणि काटा जागचा हलेना. एक आठवडा सत्त्याण्णव, दुसरा आठवडा सत्त्याण्णव, तिसऱ्या आठवड्यात सत्त्याण्णव आणि वर दोनशे ग्रॅम.

सयाजी चिडला. शुक्रवारी घरी येऊन त्यानं डिजिटल काटा कपाटावर टाकला. "बास झालं. मोजून मोजून डोस्कं फिरलं. माझं शरीरच तसलं हाय."

आक्का आतल्या खोलीत पडली होती. डायलिसिस करून नुकतीच आलेली, चेहरा उतरलेला. तिच्या उशाशी पाण्याची एक बाटली होती. बाटलीवर पेनानं रेघा मारलेल्या आणि पाणी तिसऱ्या रेघेला. ती टोपणात थोडंसं ओतून घ्यायची आणि तेवढंच तोंडात घोळवत बसायची.

"एवढंसंच का पितीस?" सयाजीनं विचारलं.

"किडनी पाणी भायेर टाकत न्हाय न्हवं. दिसाला एक बाटली. च्या, आमटी सगळं त्यातच धरायचं." ती हसली. "उन्हाळ्यात तर स्वप्नातबी नळच दिसायचा."

वर्षभर ती त्याच्या घरी येत होती आणि ही बाटली त्यानं कधी नीट पाहिली नव्हती. तो बाहेर आला, खुर्ची घेतली, कपाटावरचा काटा काढला आणि पुसून ओट्यावर ठेवला. मग रुचिताला फोन लावला. "पोरी, चुकतंय कुठं ते तूच बघ. रविवारी कागल रोडला लग्न हाय. तिथंच ये."

रविवारी सकाळी आठला रुचिता मांडवामागच्या भटारखान्यात हजर झाली. तिथं भाजी चिरत बसलेल्या क्रांतीच्या हातात तिनं स्टीलचा एक रिकामा डबा दिला. "काकू, काका जेव्हा जेव्हा चव बघतील, तेव्हा तेवढंच ह्या डब्यात टाकायचं. बाकी काही बोलायचं नाही."

सयाजी नेहमीसारखा कामाला लागला. वांग्याच्या भाजीचा रस्सा तळहातावर घेतला, चाटला. क्रांतीनं डब्यात तेवढाच टाकला. मीठ घालून पुन्हा चाटला. पुन्हा डब्यात. मसालेभाताचा घास, काजूसकट. जिलेबीचा पाक चढला का म्हणून एक कडं, खुसखुशीत झाली का म्हणून दुसरं, आणि तिसरं कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. भजी फोडून बघितली. मठ्ठा दोनदा. पंगत बसेपर्यंत डब्याचं झाकण लागेना.

रुचितानं डबा काट्यावर ठेवला, फोनवर आकडे मांडले आणि म्हणाली, "अकराशे कॅलरीच्या आसपास."

सयाजी डब्याकडे बघत राहिला. "एवढं मी खाल्लं?"

"नाही काका. एवढी तुम्ही नुसती चव बघितली."

मांडवात सनई वाजत होती, म्हणून बरं. नाहीतर क्रांतीचं हसणं नवरदेवापर्यंत गेलं असतं.

पुढच्या लग्नात सयाजीनं स्वतःच्या डोक्यानं तोड काढली: चव बघायची आणि मागं जाऊन थुंकायची. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा नवरीच्या मामानं बघितलं आणि बोंब ठोकली, "आचारीच भाजी थुकतोय! आमच्या पावण्यांनी काय खायाचं?" मामाला समजावता समजावता अर्धा तास गेला आणि शेवटी सयाजीला त्याच्या देखत वाटीभर भाजी खावी लागली. तीही त्यानं संध्याकाळी अ‍ॅपमध्ये लिहिली.

मग एकच मार्ग राहिला. चव दुसऱ्यानं बघायची. हे सयाजीला फार जड गेलं. बावीस वर्षांत त्याच्या कढईत दुसऱ्या कुणाचं बोट पडलं नव्हतं. दोन दिवस तो घुम्यासारखा बसून होता. तिसऱ्या दिवशी पेठवडगावच्या लग्नात त्यानं पळीभर आमटी क्रांतीपुढं धरली आणि दुसरीकडं तोंड केलं.

"मीठ कमी हाय," क्रांती म्हणाली.

"बरोबर हाय मीठ."

"कमी हाय. आणि गूळ जास्त. गेली धा वर्षं तुमचा गूळ जास्तच पडतोय."

"धा वर्षं? मग बोलली न्हाईस ते?"

"विचारलं कवा?"

सयाजीनं रागानं मूठभर मीठ घातलं. त्या दिवशी पंगतीत आमटी तीनदा मागितली गेली आणि एक म्हातारे गृहस्थ हात धुऊन मुद्दाम भटारखान्यात आले. "आचारी, आजची आमटी तुमच्या नेहमीच्या आमटीपेक्षा सरस झाली," एवढं सांगून ते गेले. घरी जाईपर्यंत टेम्पोत क्रांती गाणं गुणगुणत होती. तेव्हापासून चवीचं काम तिचं झालं आणि सयाजीनं पुन्हा त्यात लक्ष घातलं नाही.

काटा हलला. पंच्याण्णव. त्र्याण्णव. संक्रांतीला एक्याण्णव, तीळगूळ मोजून. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी जिममधल्या काट्यानं एकोणनव्वद पूर्णांक आठ दाखवलं. रुचितानं त्याला उतरवून पुन्हा चढवलं. तेच. मग ही शिस्तीची मुलगी मोठ्यानं ओरडली आणि जिममधले सगळे व्यायाम सोडून टाळ्या वाजवायला लागले. सयाजीनं डोळ्यांवरनं टॉवेल फिरवला आणि घाम आलाय म्हणून सांगितलं.

तपासण्या झाल्या, कागद झाले, मार्चमध्ये तारीख मिळाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आक्का एकदम मागं फिरली. "नगं मला. दोन लेकरांचा बाप हाय तू. काय झालं म्हंजे?"

"आक्का," सयाजी म्हणाला, "सोळा किलो उतरवल्यात. आता न्हाय म्हणालीस तर ते परत कुणाच्या अंगावर चढवू?"

ती रडता रडता हसली आणि कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी दोघांना आत नेलं. बाहेर क्रांती, आक्काचा नवरा जोतीराम आणि दहा-बारा नातेवाईक. रुचिताही जिमला दांडी मारून आली होती. दुपारी डॉक्टर बाहेर आले. सयाजी ठीक होता. आणि नवी किडनी जोडल्या जोडल्या लघवी सुरू झाली होती.

आक्काला दीड वर्षात धड लघवी झाली नव्हती. जोतीरामानं दोन्ही हात वर केले आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा ओरडला, "झाली! झाली!"

बाकावर बसलेले एक अनोळखी गृहस्थ उठून आले, त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "अभिनंदन, पावणं! मुलगा का मुलगी?"

"लघवी!" जोतीराम म्हणाला आणि त्यांच्या गळ्यात पडला.

हे सगळं क्रांतीनं सयाजीला शुद्ध आल्यावर सांगितलं. त्याला हसू आवरेना आणि हसलं की टाके ओढायचे. "गप बस, मारतीस मला," म्हणत तो पोट धरून हसत राहिला.

तिसऱ्या दिवशी सिस्टरनी वेगळ्या खोलीतल्या आक्काशी फोनवर त्याची गाठ घालून दिली. पडद्यावर तिचा चेहरा दिसला. तोंडावर मास्क होता, पण डोळ्यांखालची सूज उतरलेली.

"कशी हायस?" त्यानं विचारलं.

"तुझी किडनी लई कामाची हाय बाबा. पिशव्या बदलून सिस्टर दमल्या." ती जरा थांबली. "तू काय खाल्लंस?"

"मऊ भात. दीडशे ग्रॅम."

"अजून मोजतोयस?"

"सवय लागली," सयाजी म्हणाला आणि पडद्यावर आक्कानं मास्क खाली ओढून एकही रेघ नसलेली पाण्याची बाटली तोंडाला लावली.